'कंपनी', 'एकक' आणि परदेशातील पावती

परदेशी बाजारांत विकल्या जाणाऱ्या निक्षेपागार-पावत्यांचे नियमन हा विषय अर्थशास्त्रज्ञांचा आणि विधिज्ञांचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर इतकेच की, स्थावर मालमत्ता व पायाभूत सुविधा यांच्या गुंतवणूक न्यासांपुरते पाहिले, तर येथील अडचण मुख्यतः शब्दांची आहे. बाजार ह्या न्यासांना 'रीट' आणि 'इन्व्हिट' म्हणतो.

प्रथम पावतीविषयी. हिला कित्येकदा 'ठेवपावती' म्हटले जाते, ते टाळावे. मराठी घरात ठेवपावती म्हणजे बँकेत मुदतीने ठेवलेली, व्याजासह परत येणारी रक्कम. येथे तसे काहीच नसते. भारतीय प्रतिभूती देशातील अभिरक्षकाकडे राहतात, परदेशातील निक्षेपागार त्यांच्या आधारे पावत्या काढतो आणि तेथील गुंतवणूकदार त्या परकीय चलनात घेतो. भारतीय कंपन्यांपैकी रिलायन्सने १९९२ साली हा मार्ग प्रथम धरला. कंपनीच्या समभागासाठी तो आता मळलेला आहे.

न्यासाची गोष्ट निराळी. २०१४ च्या नियमांनी उभ्या राहिलेल्या ह्या न्यासांना समभाग नसतात, 'एकके' असतात. आणि एककधारक हा विश्वस्ताच्या हाती असलेल्या मालमत्तेचा लाभार्थी असतो. २०१७ साली शेअरबाजारात आलेल्या पहिल्या इन्व्हिटच्या मालमत्तेत तळेगाव–अमरावती रस्ता होता. अशा एककावर पावती काढायची, तर विदर्भातल्या टोलवरचा लाभाधिकार परदेशी कागदावर उतरवायचा. नियमांचे शब्द हे वजन पेलतात काय?

एम. एस. साहू समितीच्या विचारातून आलेल्या २०१४ च्या योजनेने 'प्रतिभूती' हा व्यापक शब्द घेतला आणि त्याचा अर्थ १९५६ च्या प्रतिभूती करार अधिनियमावर सोपविला. २०२१ च्या वित्त अधिनियमाने त्या व्याख्येत सामूहिक गुंतवणूक साधनांची एकके घातली. म्हणजे योजनेच्या शब्दांत एककाला जागा आहे. परंतु सेबीच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने त्याच योजनेचा तपशील ठरविताना 'सूचिबद्ध कंपनी' हा कर्ता निवडला आणि अनुज्ञेय प्रतिभूती म्हणून केवळ समभाग व ऋण-प्रतिभूती सांगितल्या. 'कंपनी' हे येथे उदाहरणादाखल आले असावे, असा बचाव करता येईल. तो मला पटत नाही. व्याख्येत उदाहरण नसते, सीमा असते.

त्याच महिन्यातील परकीय चलन व्यवस्थापनाचे ऋणेतर साधनांविषयीचे नियम तर स्वतःशीच विसंगत बोलतात. व्याख्येत 'समभाग-साधनांवर' काढलेल्या पावत्या ऋणेतर ठरतात आणि न्यासांची एकके वेगळ्या पोटकलमात येतात; परिशिष्टात मात्र परदेशस्थ व्यक्तीस जी प्रतिभूती 'किंवा एकक' घेता येते, तिच्यावर पावती काढता येईल असे म्हटले आहे. मग एककावरील पावती कोणत्या खान्यात घालायची? परिशिष्ट दार उघडते, व्याख्या तिला नाव देत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. परदेशी निक्षेपागाराने पावतीधारकाच्या सूचनेनुसारच मत द्यावे, असे २०१९ चे परिपत्रक सांगते. ही अट चांगली आहे. परंतु न्यासासाठी अपुरी. रीटच्या नियमांत, ज्या व्यवहारात एखादा संबंधित पक्ष गुंतलेला असेल, त्यावर त्याचे व त्याच्या सहयोग्यांचे मत मोजले जात नाही. एककांच्या नोंदवहीत नाव निक्षेपागाराचे असेल, तर पावतीमागे व्यवस्थापकाचाच सहयोगी बसला आहे काय, हे मत मोजणाऱ्याला कसे कळावे? सामान्य एककधारकाचे संरक्षण ह्याच एका वगळणुकीवर उभे आहे.

'कंपनी' खोडून तेथे 'रीट व इन्व्हिट' ही जोडी लिहिल्याने काम भागणार नाही. ती जोडीही एकजिनसी राहिलेली नाही: म्युच्युअल फंडांच्या गुंतवणुकीपुरते रीट समभागवर्गात धरण्याचे सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरविले, इन्व्हिट मिश्र वर्गातच ठेवला. एका कामासाठी समभाग ठरलेले एकक चलनाच्या नियमांतही समभाग मानावे, असा युक्तिवाद लवकरच होईल. त्याआधी परिपत्रकाने 'कंपनी'ऐवजी 'निर्गमक' म्हणावे, 'एकक' नावानिशी घालावे, आणि मत मोजण्यापूर्वी पावतीधारकाची ओळख विश्वस्ताकडे पोहोचविण्याचे कलम स्वतंत्र लिहावे.