चाल कुणाची, नाव कुणाचं?

यंदाच्या लग्नसराईत नांदगावात वाजलेली अहिराणी गाणी ऐकून मी संतापलो. एका अंगाला चाळीसगाव, दुसऱ्या अंगाला मालेगाव; वरातीत अहिराणी वाजणारच. गायिकांचे गळे मोकळे, ठेका जोरकस. संताप आहे तो श्रेयाचा. हळदीला, कानबाईच्या उत्सवात बायांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेली चाल उचलायची, तिच्यावर डीजेचे ठोके चढवायचे आणि ‘संगीत’पुढे पुरुषाचं नाव घालायचं. बायांच्या वाट्याला फार तर ‘पारंपरिक’ हा शब्द.

‘आपल्याकडे बायकांना काय कमी?’ म्हणणारे केसरबाई, हिराबाई, लता, आशा ही नावं घेतात. ही नावं गळ्याची आहेत. चाल बांधणारी, वाद्यमेळ रचणारी, रेकॉर्डिंग करणारी बाई कुठे आहे? वाहिन्यांवरच्या गाण्यांच्या स्पर्धा आणि 8 मार्चच्या, महिला दिनाच्या मैफली या प्रश्नाजवळही फिरकत नाहीत.

खरं तर चाल बांधण्याचं कामही बायांनी केलं आहे. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लताबाईंनी संगीत दिलं, ते ‘आनंदघन’ या नावानं. ‘साधी माणसं’मधलं लोहाराच्या भात्यावरचं गाणं पुन्हा ऐका. कष्टाची लय चालीतच मुरलेली आहे, वाद्यांचा डामडौल नाही. टोपणनावाची कारणं काहीही असोत, एवढी मोठी संगीतकार आजही गायिकेच्या आयुष्यातली तळटीप होऊन राहिली आहे. मीना खडीकरांवर आपण ‘बालगीतं’ असा शिक्का मारला, जणू लहान मुलांसाठी चाल बांधणं हे कमी प्रतीचं काम.

प्रभा अत्रे यांनी मात्र आपल्या बंदिशी आपल्याच नावानं मांडल्या. मारुबिहागातली ‘जागू मैं सारी रैना’ आज पुरुष गायकही बाईंचं नाव घेऊन गातात. इंदूरच्या मराठी घरातल्या स्नेहा खानवलकर यांनी 2012च्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’साठी बिहारमध्ये फिरून तिथले गळे शोधले आणि ते गळे आपापल्या नावानं चित्रपटात आले. लोकसंगीत वापरायचं ते असं.

‘जुन्या गाण्याची बाई कुठून शोधणार?’ ही सबब मला मान्य नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणारणीच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या अभ्यासकांना जे जमलं, ते मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या निर्मात्याला का जमू नये?

अमेरिकेत 2018 साली 2012 ते 2017 मधली 600 लोकप्रिय गाणी तपासली गेली. त्यांच्या गीत-संगीतकारांत स्त्रिया 12.3 टक्के निघाल्या. तशी मोजणी अहिराणी गाण्यांची, तालुक्यातल्या ऑर्केस्ट्रांची आणि बँडपथकांची व्हायला हवी. आकड्यासमोर ‘आमच्याकडे भेद नाही’ म्हणणं अवघड होतं. आणि हा नुसता मानाचा मामला नाही. 2012च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला. ज्याचं नाव लागतं, त्याच्याकडे पैसा जातो. ‘पारंपरिक’ लिहिलं की बाईचा मान जातो आणि हिस्साही बुडतो.

म्हणून निर्मात्यांना माझं सांगणं सरळ आहे. जिच्या तोंडून चाल घेतली, तिचं नाव आणि गाव गाण्यावर लिहा, तिला पैसे द्या. पुढची चाल बांधायला तिच्याच मुलीला बसवा. हे होत नाही तोवर अशा गाण्याला अहिराणीची सेवा म्हणू नका. ती बायांच्या मेहनतीची लूट आहे.