वाटपाचे तत्त्व आणि वापराचे वास्तव : ‘कॅबिग’ प्रकल्पाची एक चिकित्सा

सार्वजनिक निधीतून निर्माण झालेली आज्ञावली (अर्थात सॉफ्टवेअर) सर्व संशोधन केंद्रांना विनामूल्य उपलब्ध झाली पाहिजे, याविषयी आज फारसे दुमत आढळत नाही. मात्र ती उपलब्ध झाली म्हणजे तिची देवाणघेवाण झाली, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा ‘कॅबिग’ हा प्रकल्प प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

हा प्रकल्प 2004 मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील कर्करोग केंद्रे स्वतंत्रपणे काम करीत होती. प्रत्येकाची नोंदपद्धती निराळी, संगणकप्रणाली निराळी. या सर्वांना एका जाळ्यात जोडणे हा प्रकल्पाचा हेतू होता. माहिती मुक्त असावी, स्रोतसंहिता मुक्त असावी, निर्मितीची प्रक्रिया मुक्त असावी आणि प्रत्येक केंद्राचा आपल्या माहितीवरील ताबा अबाधित राहावा, ही त्याची चार तत्त्वे होत. तत्त्व म्हणून यांत खोट काढण्यासारखे काही नाही. ज्या समस्येला प्रकल्पाने हात घातला तीही खरी होती. एका रुग्णालयाच्या नोंदीत ‘निदानाची तारीख’ म्हणजे ऊतकाचा तुकडा काढला तो दिवस, दुसऱ्याच्या नोंदीत विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल आला तो दिवस. अशा दोन नोंदी संगणकाने एकत्र केल्या तर बेरीज होईल, पण ती बेरीज कशाची हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून अर्थाची एकवाक्यता आधी साधावी, असा प्रकल्पाचा आग्रह होता. त्यासाठी सामाईक संज्ञांचा कोश तयार झाला आणि कोणती आज्ञावली या कोशाशी कितपत सुसंगत आहे, यानुसार तिला कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा श्रेणी देण्यात आल्या.

दोषाचे मूळ प्रस्तुत लेखकाला नेमके येथे दिसते. श्रेणी ठरे ती सुसंगततेवर. ती आज्ञावली प्रयोगशाळेत कोणी उघडते की नाही, यावर नव्हे. प्रकल्पाच्या छत्राखाली सत्तरहून अधिक साधने जमा झाली. मार्च 2011 मध्ये तज्ज्ञ समितीने सादर केलेल्या मूल्यमापन अहवालात किमान 35 कोटी डॉलरच्या खर्चाचा हिशेब आला आणि बहुतेक साधनांचा प्रभाव त्या खर्चाच्या मानाने पुरेसा नसल्याचा निर्वाळाही आला. संशोधकाच्या गरजेऐवजी तंत्रज्ञान केंद्रस्थानी राहिले आणि विस्ताराला दिशा उरली नाही, हे समितीचे प्रमुख आक्षेप होते. संस्थांतर्गत व व्यापारी कंत्राटदारांकडून चाललेली आज्ञावली-निर्मिती तत्काळ थांबवावी, विद्यापीठांतील कामाला मात्र एक वर्षाची मुदतवाढ द्यावी, अशी शिफारस समितीने केली. हा भेद बोलका आहे. 2012 मध्ये प्रकल्पाची जागा दुसऱ्या कार्यक्रमाने घेतली.

याच्या शेजारी व्हँडरबिल्ट विद्यापीठातील ‘रेडकॅप’ ठेवून पाहावे. तिचा आरंभही 2004 मधलाच. संशोधनासाठीची माहिती भरण्याचे तक्ते संशोधकाला प्रोग्रामरच्या मदतीविना स्वतः रचता यावेत, एवढीच तिची मर्यादित प्रतिज्ञा. ‘कॅबिग’च्या व्याख्येनुसार ती मुक्त म्हणता येणार नाही, ना-नफा संस्थांना ती करारावर विनामूल्य मिळते, परंतु पुढे इतरांना वाटण्याची परवानगी नाही. तरीही आज ती शंभराहून अधिक देशांतील संस्थांत वापरात आहे. कमी मुक्त असलेली आज्ञावली अधिक वाटली गेली! अर्थात ही तुलना पूर्णतः न्याय्य नाही, हेही नमूद केले पाहिजे. दोन केंद्रांच्या नोंदींचा अर्थ जुळवण्याची अवघड जबाबदारी ‘रेडकॅप’ने शिरावर घेतलीच नव्हती. ‘कॅबिग’ने ती घेतली, म्हणून त्याच्या अपयशाची थट्टा करणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

शिवाय सर्वच वाया गेले असेही नाही. ऊतकनमुन्यांची नोंद ठेवणारी ‘कॅटिश्यू’ ही आज्ञावली प्रकल्प संपल्यावरही टिकली. परवाना उदार असल्याने ती पुढे नेणे शक्य झाले. ‘ओपनस्पेसिमेन’ या नावाने ती विकसित करणारी क्रिशाग्नी ही कंपनी पुण्याची आहे, हे आपल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. विनामूल्य आवृत्तीसोबत सशुल्क आवृत्ती व सेवा, असे तिचे स्वरूप आहे. येथे मुक्ततावादी मंडळी नाक मुरडतील. परंतु फ्रीझरमधील हजारो नमुन्यांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला रात्री बंद पडलेली प्रणाली सकाळी सुरू करून देणारा माणूस हवा असतो, आणि त्या माणसाचा पगार परवान्याच्या कलमांतून निघत नाही. (एका महाविद्यालयात ग्रंथालयाची मुक्त आज्ञावली बसवणारा विद्यार्थी नोकरीनिमित्त गाव सोडून गेला आणि त्या दिवसापासून तेथे पुन्हा वही उघडली गेली, हे लेखकाने जवळून पाहिले आहे.) ‘कॅबिग’च्या अंदाजपत्रकांत नवनिर्मितीला जी प्रतिष्ठा होती ती देखभालीला लाभली असती, तर सत्तरांपैकी आणखी काही साधने तरी जगली असती, असे वाटते.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. ‘कॅबिग’ गुंडाळला गेला त्याच 2012 मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या समन्वयाखाली आपल्याकडे राष्ट्रीय कर्करोग ग्रिड स्थापन झाले; आज तीनशेहून अधिक केंद्रे व संस्था त्यात आहेत. औषधांच्या एकत्रित खरेदीचा व्यवहार्य उपक्रम या ग्रिडने केला आणि 2022 मध्ये त्याच्या अंतर्गत डिजिटल कर्करोगशास्त्राचे कोइता केंद्र सुरू झाले. खरेदी एकत्र करणे आणि नोंदी एकत्र करणे यांत फरक आहे. खरेदीचा लाभ प्रत्येक केंद्राला लगेच दिसतो. सामाईक संज्ञेनुसार भरलेल्या तक्त्याचा लाभ मात्र तो भरणाऱ्या जिल्हास्तरीय रुग्णालयातील कारकुनाला किंवा परिचारिकेला न दिसता दूरच्या संशोधकाला दिसतो. त्या तक्त्यावर त्यांचा रोजचा जो वेळ जाईल, त्याची तरतूद कोणत्या संस्थेच्या अंदाजपत्रकात आणि कोणत्या शीर्षाखाली करायची, हे आज्ञावली निवडण्यापूर्वी ठरवावे लागेल.