मधल्या खोलीत किल्ली उघडी असते

क्वांटम किल्लीवाटपाची बातमी आली की तिच्यात ‘अभेद्य’ हा शब्द हमखास असतो. माझी तक्रार या शब्दाशी आहे. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी 1984 साली मांडलेली पद्धत दोघांपुरती चोख आहे. प्रकाशाचे सुटे कण पाठवायचे. मध्येच कुणी डोकावलं तर चुका वाढतात, मग ती किल्ली टाकून द्यायची.

पण आपल्या बीड जिल्ह्यात तालुके 11. प्रत्येकाला प्रत्येकाशी गुप्त बोलायचं तर जोड्या होतात 55. एवढ्या तारा ओढणार कोण? शिवाय चांगल्या काचतंतूतही 100 किलोमीटरवर शंभर कणांतला जेमतेम एक पोचतो. नेहमीचा सिग्नल वाटेत वाढवता येतो. इथं कणाची हुबेहूब नक्कल निसर्गच करू देत नाही. म्हणून मध्ये खोल्या बांधाव्या लागतात. बीजिंग–शांघाय ही सुमारे 2000 किलोमीटरची वाट अशा 32 ठाण्यांवरून जाते, आणि ठाण्यात किल्ली उघडी असते! त्याला नाव काय, तर ‘विश्वासू’ ठाणं.

आपल्याकडं हे समजावून सांगायला नको. कारखान्याची उचल मुकादमाच्या हातून ऊसतोड मजुरापर्यंत येते. कारखान्याचा हिशेब खरा, मजुराचा अंगठा खरा, पण मधली वही मुकादमाकडं. सगळे मुकादम लबाड नसतात हो. पण वहीत काय लिहिलं, हे मजुराला बघता येत नाही.

2022 साली प्रयागराज ते विंध्याचल, 100 किलोमीटरहून लांब, आपल्या शास्त्रज्ञांनी किल्ली पोचवली. कौतुकच आहे. 2023 च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला 6003.65 कोटी मंजूर झाले, त्यात शहरा-शहरांत 2000 किलोमीटरचं उद्दिष्ट आहे. तेव्हा मधली ठाणी कुणाच्या ताब्यात, त्यांची तपासणी कोण करणार, हे आत्ताच विचारलं पाहिजे. ब्रिस्टलमध्ये 2020 साली गुंतलेले कण वाटून आठ जणांचं जाळं ‘विश्वासू’ ठाण्याशिवाय चालवलं गेलं. पण ते एका शहरापुरतं.

आणि पलीकडं खरंच आपलाच माणूस आहे, ही ओळख पटवायचं काम क्वांटम कण करत नाहीत. ती सोय आधीच वेगळी करावी लागते.

क्वांटम संगणकाला दाद न देणारं नवं गणिती कुलूपही आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट 2024 मध्ये त्याची मानकं जाहीर केली. त्याला नवी तार लागत नाही, तहसील कचेरीतल्या संगणकावरही ते चालतं. त्याचा आधार गणित आहे, निसर्गनियम नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी बीडसाठी पैसा आधी तिकडं जावा, असं माझं मत आहे.