रूपकाची वंशावळ : निअँडरथल मानव, स्वमग्नता आणि भिन्नतेचे कथन

रूपकाचे वंशावळीत रूपांतर होण्याची प्रक्रिया केवळ मिथकांपुरती मर्यादित नसते. विज्ञानाच्या परिसरातही ती घडत असते. 'हा अमुकासारखा आहे' या विधानाच्या जागी 'हा अमुकाचा वंशज आहे' हे विधान केव्हा येऊन बसते, ते पुष्कळदा ध्यानातही येत नाही. स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही निअँडरथल मानवाशी झालेल्या संकरातून आलेली आहे, ही एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मुख्यतः विद्यापीठीय वर्तुळाबाहेर मांडली गेलेली कल्पना या रूपांतराचे ठळक उदाहरण होय. तिच्या सत्यासत्यतेचा निवाडा जनुकशास्त्राने करावयाचा आहे. परंतु ती कथनाच्या कोणत्या संकेतांवर उभी आहे, ती कोणाला कोठे उभे करते आणि कोणाचे बोलणे ऐकू येईनासे करते, हे प्रश्न साहित्यसमीक्षेच्या अधिकारातले आहेत.

या कल्पनेची रचना प्रथम पाहावी. एका बाजूस स्वमग्न व्यक्तींची म्हणून सांगितली जाणारी वैशिष्ट्ये असतात : नजरेला नजर न देणे, आवाज, प्रकाश व स्पर्श यांविषयीची तीव्र संवेदनशीलता, एकांताची ओढ, तपशिलावर खिळून राहणारे लक्ष. दुसऱ्या बाजूस लहान, विखुरलेल्या गटांत राहणाऱ्या अल्पभाषी निअँडरथल मानवाचे चित्र असते. या चित्रातील अस्थी, अवजारे आणि चुलींचे अवशेष हा भाग पुराव्याचा आहे. परंतु नजर, एकांत आणि बोलण्याची रीत यांचे जीवाश्म होत नाहीत. ही रिकामी जागा पहिल्या यादीतून उचललेल्या गुणांनी भरली जाते आणि नंतर त्याच गुणांचे मूळ म्हणून ते चित्र पुढे केले जाते. अर्थनिर्णयनशास्त्रात ज्या वर्तुळाची चर्चा होते, त्यात अंश आणि पूर्ण एकमेकांना दुरुस्त करीत जातात. येथे दुरुस्तीला वावच नाही. आरसा बिंबाला दुरुस्त करीत नाही.

सादृश्याचा संयमी उपयोग अर्थातच शक्य असतो. फ्रान्समधील शोवे गुहेतील चित्रे १९९४ साली उजेडात आल्यानंतर मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी १९९८ च्या एका निबंधात त्यांची तुलना, जिला बोलणे जवळजवळ येत नव्हते अशा एका स्वमग्न बालिकेच्या विलक्षण रेखाटनांशी केली. चित्रांच्या सामर्थ्यावरून चित्रकाराच्या भाषेविषयी आणि मनाच्या घडणीविषयी ठाम अनुमान काढता येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्या निबंधाशी असहमत होता येते. मात्र त्यातील सादृश्य प्रश्न उपस्थित करण्यासाठी आलेले आहे, नाते सांगण्यासाठी नव्हे. शिवाय शोवेची चित्रे निअँडरथल मानवाची नसून आधुनिक मानवाची मानली जातात, हेही लक्षात ठेवावयास हवे.

निअँडरथल मानव हा आरंभापासूनच 'रोग की वंश' या द्वंद्वात वाचला गेला आहे. १८५६ साली जर्मनीतील नेआंडर खोऱ्यात त्याच्या अस्थी सापडल्या. विल्यम किंग यांनी १८६४ साली त्यांना स्वतंत्र मानवजातीचे नाव दिले, तर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८७२ साली त्या आधुनिक परंतु व्याधिग्रस्त माणसाच्या अस्थी ठरविल्या. पुढे १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. त्यावरून मार्सेलँ बूल यांनी १९११ ते १९१३ या काळात जो निअँडरथल उभा केला, तो वाकलेला, गुडघ्यांत मुडपलेला आणि पशुत्वाकडे झुकलेला होता. त्या देहाला संधिवाताने ग्रासले होते आणि निरोगी निअँडरथल मानव ताठच चालत असावा, असे विल्यम स्ट्रॉस आणि ए. जे. ई. केव्ह यांनी १९५७ साली दाखविले. बूल यांच्या चित्राला व्याधीपेक्षा त्यांचा पूर्वग्रह अधिक कारणीभूत होता, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले. एका वृद्धाची व्याधी अशा रीतीने एका मानववंशाची ओळख बनली. स्वमग्नतेविषयीची कल्पना हीच वाट उलट दिशेने चालते : तेथे व्याधीतून वंश वाचला गेला, येथे वंशातून व्याधी वाचली जाते.

या उलट वाटेलाही पूर्वपरंपरा आहे. इंग्लंडमधील वैद्य जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांचे वांशिक वर्गीकरण करणारा निबंध लिहिला. युरोपीय आईबापांच्या पोटी आलेल्या काही मुलांचे चेहरे त्यांना 'मंगोल' वाटले, आणि ही त्या वंशाकडे झालेली परागती होय असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्याधी जर वंशांच्या सीमा ओलांडत असेल तर त्या सीमा अभेद्य नाहीत आणि मानवजात एकच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे हेतू त्या काळाच्या मानाने उदार होता. तरीही त्या उदार हेतूने दिलेले नाव सुमारे शंभर वर्षे एका खंडातील लोकांचा आणि जगभरच्या मुलांचा एकाच वेळी अवमान करीत राहिले. गुणसूत्रातील कारण १९५९ साली उघड झाले. मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली ते नाव सोडले. कल्पनेच्या रचनेत जे असते ते कर्त्याच्या सद्हेतूने पुसले जात नाही, हा त्यातील धडा आहे.

कादंबरीकारांनी निअँडरथल मानवाला दिलेली मने शेजारी ठेवली म्हणजे या आकृतीचे रितेपण स्पष्ट होते. एच. जी. वेल्स यांच्या १९२१ सालच्या 'द ग्रिझ्ली फोक'मध्ये तो मुले पळविणारा नरभक्षक आहे आणि लोककथांतील राक्षसांचे मूळ त्याच्या स्मृतीत शोधलेले आहे. विल्यम गोल्डिंग यांच्या १९५५ सालच्या 'द इनहेरिटर्स'मध्ये तो इतका समूहमय आहे की मनातली 'चित्रे' अनेकांना एकाच वेळी दिसू शकतात. जीवाश्मशास्त्रज्ञ ब्यर्न कुर्तेन यांच्या १९७८ सालच्या स्वीडिश कादंबरीत तो गोरा आणि अतिशिष्टाचारी आहे, तर आधुनिक मानव सावळा आहे. जीन आउएल यांच्या 'द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर' (१९८०) या कादंबरीत तो हातवारे आणि देहबोली यांतून बोलतो. देहबोली तो इतकी अचूक वाचतो की खोटे बोलणे त्याला शक्यच होत नाही. देहबोली न वाचता येणारा एकाकी निअँडरथल आणि देहबोलीत पारंगत असा समूहनिष्ठ निअँडरथल ही दोन्ही चित्रे त्याच अस्थींवरून काढलेली आहेत. ज्या चिन्हावर परस्परविरुद्ध अर्थ इतक्या सहजतेने चढतात, त्यावरून कोणाचीही वंशावळ सिद्ध होऊ शकत नाही.

२०१० साली स्वान्ते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथल जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि संकर झाला होता हे निश्चित झाले. तोवर अधांतरी असलेल्या कल्पनेला त्यामुळे बळ आल्यासारखे वाटले. परंतु त्याच निबंधात, निअँडरथल मानवापासून वेगळे झाल्यानंतर आधुनिक मानवात नैसर्गिक निवडीने पसरले असावेत अशा जनुकप्रदेशांची यादी होती आणि स्वमग्नतेशी जोडली गेलेली काही जनुके तिच्यात होती. त्या यादीवरून नेमकी उलट कथाही रचता आली असती : स्वमग्नता ही माणसातील सर्वांत नव्या गोष्टीशी निगडित आहे. आफ्रिकेबाहेरील लोकांत निअँडरथल वारसा सुमारे १ ते २ टक्के आढळतो आणि आफ्रिकेत त्याहून बराच कमी. स्वमग्न व्यक्ती मात्र आफ्रिकेसह सर्वत्र आहेत. २०२४ साली अमेरिकेतील तीन लोकसमूहांच्या अभ्यासात काही विशिष्ट, विरळ निअँडरथल जनुकभेद स्वमग्न व्यक्तींमध्ये अधिक प्रमाणात आढळले. स्वमग्न व्यक्तींमध्ये निअँडरथल वारसा एकूणच अधिक असतो, असा त्याचा अर्थ नाही. जनुकभेद ही अनेक कारणांच्या गुंत्यातील एखादी गाठ असते. 'पूर्वज' हे कथेतील पात्र असते. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाणारी उडी ही कथनाची आहे.

मग ही कथा हवीशी का वाटते? काही स्वमग्न व्यक्तींनीच तिचे स्वागत केले, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही. वैद्यकाने ज्याला दोष म्हटले त्याला कुल मिळते. एकाकी न्यूनाच्या जागी एका लोकसमूहाचा इतिहास येतो. ही गरज खरी आहे आणि तिचा उपहास करणे अनुचित ठरेल. तथापि युरोपीय लोककथांत परी मूल पळवून त्याजागी आपले मूल ठेवून जाते, तोच साचा येथे नव्या परिभाषेत परततो : हे मूल आपले नव्हे, दुसऱ्या लोकांचे आहे. वेल्स यांचा मुले पळविणारा राक्षस आणि परीने बदललेले मूल येथे एकत्र येतात. स्वमग्न असलेले अमेरिकन कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना उद्देशून लिहिले होते की, त्यांचा शोक कधीच न आलेल्या मुलासाठी आहे. आलेले मूल समोर आहे आणि वाट पाहत आहे. बदललेल्या मुलाच्या कथेला याहून नेमके उत्तर देता येणार नाही.

योहानेस फाबियन यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात मानवशास्त्राच्या ज्या दोषाकडे बोट दाखविले, तो येथे उपयोगी पडतो. अभ्यासक ज्यांच्याशी वर्तमानात बोलतो, त्यांनाच लिहिताना भूतकाळात ढकलतो. समकालीनत्वाचा हा नकार होय. निअँडरथल वंशावळ गौरवासाठी सांगितली काय किंवा हिणविण्यासाठी सांगितली काय, हा नकार दोन्हींत समानच असतो. समोरच्या माणसाशी झालेला संवादाचा प्रश्न चाळीस हजार वर्षांच्या अंतरात विरघळून जातो आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी संपते.

गोल्डिंग यांच्या कादंबरीचे मोठेपण येथे जाणवते. तिचा बहुतांश भाग लॉक या निअँडरथल पात्राच्या दृष्टिबिंदूतून येतो. त्याच्यावर बाण सोडला जातो तेव्हा त्याला समोरच्या माणसाची काठी आखूड होऊन पुन्हा लांब झालेली दिसते आणि जवळच्या झाडाला एकाएकी डहाळी फुटल्यासारखी वाटते. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७१ सालच्या विश्लेषणात दाखविले की, लॉकच्या निवेदनातील क्रिया बहुधा अकर्मक असतात. कर्त्याची कृती दुसऱ्या वस्तूपर्यंत पोहोचतच नाही. येथवर वाचक लॉकला 'न्यून' समजू शकतो. मात्र शेवटाकडे दृष्टिबिंदू बाहेर सरकतो, लॉक एक लालसर प्राणी होतो आणि त्याच्यासाठी नपुंसकलिंगी सर्वनाम येते. त्यानंतर तुआमीच्या नजरेतून कळते की, नव्या लोकांना या निरुपद्रवी जिवांत सैतान दिसत होते. न वाचता येणे दोन्ही बाजूंचे होते. स्वमग्न आणि इतर यांच्यातील संवादभंग हा उभयपक्षी असतो, हे डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली सिद्धान्तरूपाने मांडले. गोल्डिंग यांनी स्वमग्नतेविषयी लिहिले नव्हते आणि तसे म्हणणे पुन्हा रूपकाची वंशावळ करणे होईल. त्यांच्या कादंबरीपासून घ्यावयाची आहे ती वाचनाची रीत : दुसऱ्याच्या वाक्यरचनेत काही काळ राहून पाहणे.

मराठीतील पारिभाषिक शब्दाचाही याच दृष्टीने विचार व्हावयास हवा. ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडविलेली संज्ञा लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या वर्णनासाठी वापरली आणि ती मराठीत 'स्वमग्नता' म्हणून रूढ झाली. 'स्व'मध्ये बुडालेला, हे बाहेरून पाहणाऱ्याचे वर्णन आहे. आवाज आणि प्रकाश यांच्या माऱ्याने ज्याला जग सोसवत नाही, त्याच्या अनुभवात बुडणे असेल तर ते जगातच असते. भावकवीच्या आत्ममग्नतेला गुण मानणाऱ्या मराठी समीक्षेने या शब्दातील दृष्टिबिंदू कोणाचा, हे तरी विचारावयास हवे.

२०२४ सालीच स्पेनमधील कोवा नेग्रा गुहेत मिळालेल्या एका निअँडरथल बालकाच्या कानशिलाच्या अस्थीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. अंतर्कर्णातील विकृतींवरून त्या बालकाला डाउन संलक्षण असावे असा निष्कर्ष निघाला. ऐकणे आणि तोल सांभाळणे दुष्कर असूनही ते किमान सहा वर्षे जगले. गटाने त्याचा सांभाळ केल्याशिवाय हे शक्य नव्हते, असे संशोधकांचे मत आहे. भिन्नता निअँडरथल मानवातही होती. 'निअँडरथल असणे' हे तिचे स्पष्टीकरण नव्हते. ज्या संलक्षणाला डाउन यांनी दुसऱ्या वंशाची परागती म्हटले, ते बाळगणारे एक मूल त्या गुहेत कोणाच्या तरी समकालीन म्हणून वाढत होते, आणि त्याला सांभाळणाऱ्यांना त्याची वंशावळ शोधण्याची गरज पडली असेल असे दिसत नाही.