संगीताच्या प्रवेशपाठाचें पुस्तक व त्यांतील संस्कृत श्लोक

सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसही संगीताचा प्रवेशपाठ घेण्याची वाट मोकळी केली. हा विद्यार्थी गावयास नव्हे, ऐकावयास शिकूं इच्छितो. त्याच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें? बहुधा एकच उत्तर मिळतें : पं. विष्णु नारायण भातखंडे यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’.

या सहा भागांचें ऋण कोणासही नाकारतां येणार नाहीं. तथापि ती गाणारासाठीं रचिली आहे. ज्यास स्वरलिपि वाचतां येत नाहीं त्यास तीं पानें मुकीं होत. परंतु संशोधकांस सांगण्याजोगा आक्षेप निराळाच आहे. रागाच्या माहितीबरोबर तेथें संस्कृत लक्षणश्लोक उद्धृत केलेले आढळतात. अनुष्टुभ् दिसला कीं विद्यार्थी तो शार्ङ्गदेवाच्या काळचा समजतो. वस्तुतः ‘श्रीमल्लक्ष्यसंगीत’ हा ग्रंथ १९१० चा; त्याचे कर्ते ‘चतुरपंडित’ म्हणजे स्वतः भातखंडेच. ‘अभिनवरागमंजरी’चे ‘विष्णुशर्मा’ हेही तेच. पंडितजींनीं कोणास फसविलें असें मुळींच नाहीं. प्रचारांतील गायन शास्त्रांत बसविणें हा त्यांचा उघड हेतु होता. दोष नेमणूक करणारांचा. श्लोकाखालीं सन घालावयास किती शाई लागते?

यानें हानि काय, असें कोणी पुसेल. उद्यां हाच विद्यार्थी जुनी पोथी उघडील व ‘शुद्ध गांधार’ हा शब्द वाचून आजच्या बिलावलांतला गांधार मनांत आणील. रामामात्याच्या ‘स्वरमेलकलानिधि’ (१५५०) मध्यें शुद्ध गांधार आजच्या शुद्ध ऋषभाच्या जागीं येतो. अहोबलानें ‘संगीतपारिजातां’त वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वर सांगितले, त्याचा शुद्ध गांधार आपला कोमल गांधार होय, आणि त्याचें शुद्ध सप्तक आजच्या काफीसारखें आहे. लोचनाची तोडी स्वरांनीं पाहतां आपली भैरवी ठरते. नांव तेंच, वस्तु निराळी. पोथीची नक्कल अचूक होऊनही तिचा अर्थ सबंध चुकावा, तो असा.

प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, श्रवणाच्या वर्गास वामनराव देशपांडे यांचें ‘घरंदाज गायकी’ (१९६१) मुख्य नेमावें. तें नवख्यास थोडें जड जाईल, कारण घराण्यांची तोंडओळख त्यांत गृहीत धरली आहे. पण ध्वनिमुद्रिका लावून शिक्षकानें वाचून दाखविल्यास गायक काय करतो हें त्यावरून कळतें. ‘मालिके’तून पांचसात राग पुरेत. ‘संगीतरत्नाकर’ प्रवेशवर्गांत आणूं नये. आनंदाश्रमाची प्रत कपाटांत उघडून दाखवावी, एवढेंच. आणि सोबत एक छापील पान द्यावें : रामामात्य, अहोबल व आज, अशीं तीन घरें, प्रत्येकांत सात शुद्ध स्वरांचीं स्थानें, आणि उद्धृत केलेल्या प्रत्येक श्लोकापुढें त्याच्या कर्त्याचें खरें नांव.