कोपी आणि झोपडी

दिवाळी अंकातली समीक्षा बहुधा मोठ्यांच्या पुस्तकांची असते. घरोघरी असूनही ज्याची समीक्षा कोणी करीत नाही, असा एक वाङ्मयप्रकार मी आज घेतो आहे: प्राथमिक शाळेतला निबंध. ज्या वाचकांच्या घरी तिसरी-चौथीतले मूल असेल त्यांनी फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारून त्याची वही उघडावी. ‘माझा आवडता सण’ तीत सापडेलच. पहाटेचे अभ्यंगस्नान, उटण्याचा सुवास, दारी रांगोळी, चकल्या-करंज्या, आणि अखेरीस दिवाळी का आवडते याचे एक ठरलेले वाक्य. वह्या चाळीस, दिवाळी एकच. ती बाजारातल्या निबंधांच्या पुस्तकातून येते, हे खरे. पण त्या पुस्तकाला गुण देणारे आम्ही मास्तरच ना?

‘नदीचे आत्मवृत्त’ घ्या. पुस्तकातली नदी डोंगरात जन्मते, खळखळत धावते आणि सागराला मिळते. आमची मुले बीड जिल्ह्यातली, सिंदफणेच्या काठची. भर उन्हाळ्यात तिच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरलेली. तरी वहीत नदी बारा महिने खळखळते! झिरा त्या वहीत उतरत नाही. तो शब्द ‘निबंधातला’ नव्हे, हे मुलाला कोणी न सांगता ठाऊक असते.

तसे मराठी निबंधाचे घराणे थोर आहे. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा तेही शाळेत शिक्षकच होते. त्यांची मते कोणाला पटोत वा न पटोत, ती त्यांची स्वतःची होती. आमच्या वह्यांतली मते कोणाचीच नसतात.

आता माझाच गुन्हा सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; मुकादमाकडून उचल घेतलेली. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. हंगाम संपवून परतलेल्या चौथीतल्या एका मुलीने ‘माझी दिवाळी’ लिहिली. अवघ्या सहा ओळी. बापाने कोपी बांधली. आईने आत पाचट अंथरले. रात्री गाडी आली म्हणून दोघे ऊस भरायला गेले. धाकटा भाऊ रडत होता, त्याला मी मांडीवर घेतले. आई आली तेव्हा तिच्या हाताला कुसळे होती, म्हणून तिने त्याला लगेच घेतले नाही.

मी ‘कोपी’ खोडून ‘झोपडी’ केले. आरंभी ‘दिवाळी हा दिव्यांचा सण आहे’ असे वाक्य घातले आणि १० पैकी ४ गुण दिले. पुढच्या खेपेस तिने पुस्तकातली दिवाळी उतरवून आणली. मी ८ दिले. माझ्या एका कादंबरीत ‘कोपी’ हा शब्द जागोजागी आहे, आणि एका परीक्षणात त्याचे अस्सल बोली म्हणून कौतुकही झाले होते. मला जो शब्द शोभला, तो तिला शोभला नाही!

टॉलस्टॉयचा १८६२ सालचा एक लेख पुढे वाचनात आला. शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून लिहिणे शिकावे, की आपण त्यांच्याकडून, असे तो विचारतो. यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेत त्याने एका म्हणीवरून गोष्ट लिहायला घेतली. मुले भोवती जमली, चुका काढू लागली. फेदका नावाच्या पोराने हट्ट धरला की गोष्टीतल्या शेजाऱ्याच्या अंगावर बाईमाणसाचा कोट असावा. एका कोटाने सारा माणूस उभा राहिला, हे टॉलस्टॉयच्या ध्यानी आले.

लेख मला पुरता मान्य नाही. लहान मुलाला तो जवळजवळ निर्दोषच मानतो, आणि चाळीस पोरांचा वर्ग त्याच्यापुढे नव्हता. मात्र त्यातली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. मनात आलेल्या अनेक गोष्टींतून एक निवडणे, तिला शब्द देणे, मागे काय लिहिले ते ध्यानात ठेवणे, ही ओझी तो आधी स्वतः उचलतो आणि मग एकेक मुलाच्या हाती देतो. शिकवणे म्हणतात ते हेच; मी मात्र शब्दच बदलून टाकला. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले, तेथे मुलाच्या अनुभवालाच शिकण्याचा पाया मानले. तेव्हा हे रशियातच जमते, असेही म्हणण्याची सोय नाही.

ऱ्हस्व-दीर्घ मी आजही सुधारतो. ते सुधारलेच पाहिजे. परका शब्द दिसला तर मात्र आधी विचारतो, “हे म्हणजे काय रे?” परवा एकाने ‘वाढे’ म्हणजे उसाचा शेंडा, हे मला फळ्यावर चित्र काढून समजावले.

ती मुलगी आता सातवीत आहे. वाटेत भेटली तेव्हा मी तिची ती जुनी वही मागितली.

“ती व्हय गुरुजी? ती तर मायनं चुलीत घातली.”