वाट पाहणाऱ्याचा धर्म : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

थळच्या किनाऱ्यावर होड्या परतायची वेळ झाली की कोळी बायका टोपल्या घेऊन पाण्याच्या कडेला येतात. समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. आपली होडी मात्र लगेच दिसतेच असे नाही. या किनाऱ्यावरच एका तरुणाने मला विचारले होते, “फादर, मी देव मानत नाही. तुमचा देव माझ्यासाठी थांबणार तरी किती दिवस?” त्या वेळी एखादे वचन सांगण्याऐवजी मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची आठवण झाली.

लक्ष्मीबाईंचा अविश्वास या तरुणासारखा नव्हता. त्यांनी देव नाकारला नव्हता. नाकारला होता तो पतीचा नवा धर्म. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एका सोवळ्या घरातील स्त्रीचे जग कोसळले. त्यानंतर ताटातूट, पंढरपूरचे दिवस, पुढे पतीकडे परतल्यावरही वेगळी चूल, असा प्रवास करीत इ. स. १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्तस्नान स्वीकारले. मधली सुमारे पाच वर्षे हाच या कथेचा गाभा होय.

आपल्याकडील साक्षीपर लेखनात श्रद्धेचा क्षण बहुधा विजेसारखा चमकतो : आधी सारा अंधार, नंतर सारा उजेड. ‘स्मृतिचित्रे’त तसे घडत नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने आरंभ झालेल्या या ग्रंथात सोवळे गळून पडते तेही विचाराअंती. माणसे देवाने घडविली, मग जाती कोणी केल्या, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई थांबतात आणि उत्तर सापडताच त्याप्रमाणे वागू लागतात. त्या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. कृपा संस्काराच्या आधीच कामाला लागलेली असते, हे धर्मशास्त्रातील तत्त्व येथे स्वयंपाकघरात वावरताना दिसते.

या ग्रंथात सहनशील कोण आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टिळक निश्चितच नव्हेत. ते तापट होते, लहरी होते. न सांगता घर सोडून जात. वाट पाहात राहिल्या त्या लक्ष्मीबाई. संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात जी जागा पित्याची आहे, ती या संसारात एका अ-ख्रिस्ती स्त्रीने कित्येक वर्षे सांभाळली. पुढे जो देव त्यांना भेटला त्याचा स्वभाव त्यांना परका वाटला नसावा. कारण वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या आधीच जगल्या होत्या.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्त्रीने सोसले म्हणून सोसविणाऱ्याचे वर्तन पवित्र ठरत नाही. लक्ष्मीबाई स्वतःही तसे भासवीत नाहीत. त्या भांडतात, रुसतात आणि पतीच्या विक्षिप्तपणावर मनमोकळे हसतात. त्यांचा विनोद हे या ग्रंथाचे केवळ भूषण नव्हे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे दोष स्पष्ट पाहूनही त्याला न सोडण्याची ती रीत आहे. देवाच्या सहनशीलतेची याहून जवळची उपमा मला मराठी गद्यात आढळलेली नाही.

ग्रंथाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ख्रिस्त त्यांच्या अंतःकरणात नेमका कसा आला, याविषयी लक्ष्मीबाई फार थोडे बोलतात. प्रार्थनेची अंतर्गत वाटचाल शोधणाऱ्या वाचकाला येथे उणीव भासेल. ती भरून काढावयाची तर टिळकांनी आरंभिलेले आणि मुख्यतः लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ वाचावे लागेल. मात्र मौनामुळे ग्रंथ उपदेशापासून वाचला, हेही तितकेच खरे. लूकच्याच शुभवर्तमानातील माळी निष्फळ अंजिरासाठी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पुढे फळ आले की नाही, हे तेथेही सांगितलेले नाही.

त्या तरुणाला मी ‘स्मृतिचित्रे’ची प्रत दिली. देव त्याच्यासाठी किती दिवस थांबेल, याचे उत्तर मी दिले नाही. एवढेच विचारले, की तुझी वाट पाहात आजवर घरी कोण जागे राहिले आहे? तो किनाऱ्याकडे पाहू लागला. पुस्तक वाचून झाले का, असे मी अद्याप विचारलेले नाही.